निकालाच्या दिवशी शाळेचाही ताळेबंद मांडा

एक मे रोजी आपल्याकडे गावोगाव दोन कार्यक्रम एकाच दिवशी असतात. सकाळी शाळेत झेंडावंदन होते, मग पोरांच्या हातात प्रगतिपत्रक पडते. त्याच दिवशी ग्रामपंचायतीसमोर किंवा देवळाच्या मंडपात महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा भरते. दोन्ही जागांमध्ये अंतर फार तर शंभर पावलांचे. पण ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर शाळा कुठे सापडत नाही. टँकर, घरकुलाची यादी, कुकडीचे आवर्तन, शिवाररस्ता आणि शेवटी आमच्या खात्याच्या योजना, एवढ्यात दुपार होते. मी कर्जत तालुक्यात गेली काही वर्षे या सभांना बसतो. शेततळे, ठिबक, बीजप्रक्रिया यावर बोलतो आणि उठतो. शाळेबद्दल मीही कधी तोंड उघडले नव्हते. तो आपला विषय नाही, असे वाटायचे.

मागच्या एक मेला सभा संपवून मोटारसायकलीकडे निघालो, तर एका आजीने अडवले. हातात नातवाचे प्रगतिपत्रक. म्हणाली, "साहेब, पोरगं पास हाय का बघा जरा." पोरगा तिसरीचा. श्रेणी पाहिली, वरच्या वर्गात घातल्याचा शेरा पाहिला आणि "पास आहे, आजी" म्हणून सांगून टाकले. मग खालची ओळ वाचली. वाचनाचा सराव आवश्यक, असे तिथे लिहिले होते. हजेरी जेमतेम निम्मी. आईबाप दिवाळीनंतर उसाला गेलेले, पाडव्याच्या सुमाराला परतलेले. काही महिने पोरगा फडावर होता, उरलेले महिने आजीजवळ. पाठ्यपुस्तक पुढे धरले तर त्याने बोट ठेवून अक्षरे ओळखली, शब्द मात्र जुळवता आला नाही. आजी खुशीत घरी गेली. तिला खोटे सांगितले नव्हते, पण खरेही पुरते सांगितले नव्हते.

आता हे आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. बियाण्याच्या पिशवीवर लेबल असते म्हणून आपण पिशवी थेट पाभरीत रिकामी करतो का? घरचे सोयाबीन असेल तर मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, पाच-सात दिवसांनी उघडून बघतो. शंभरातले सत्तर उगवले तर नेहमीच्या हिशेबाने पेरा, कमी उगवले तर बियाणे वाढवा, फारच कमी असेल तर ते बियाणेच बदला, असे आम्ही खरीपपूर्व सभेत घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. पोराचे प्रगतिपत्रक हे लेबल आहे. ते गुरुजींनी प्रामाणिकपणे भरलेले असते, त्यात नोंदीही असतात. पण त्या नोंदी वाचणारे घर किती? पहिली ते चौथी कोणाला नापास करायचे नाही हा नियम चांगल्या हेतूने आलेला आहे. पूर्वी नापास झालेले पोर सरळ गुरामागे जायचे, हे आपण पाहिलेले आहे. परंतु पास झाले म्हणजे शिकले, असा अर्थ आपण काढला. तो कायद्यात कुठेही नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. निकालाच्या दिवशी शाळेची उगवणचाचणी व्हावी आणि तिचा हिशेब त्याच दिवशीच्या ग्रामसभेत मांडला जावा. मांडायचे काय, तर पट किती, दुसरीच्या पुस्तकातला उतारा नीट वाचणारी पोरे किती, न वाचणारी किती, कामासाठी बाहेरगावी गेलेली किती, आणि जूनमध्ये शाळा उघडताना काय काय लागणार. वीस मिनिटांचे काम आहे.

माझ्या डोक्यात आधी वेगळे होते. पोरांनी सभेतच उभे राहून वाचावे, जसे काही ठिकाणी चावडी वाचनाचे कार्यक्रम झाले तसे. हे मी एका वस्तीवरच्या बाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, ज्याला येतं ते वाचेल. ज्याला येत नाही ते त्या दिवशी शाळेतच येणार नाही." पटले मला. गावापुढे अडखळलेले पोर पुढे वर्षभर चिडवले जाते. तेव्हा वाचन आधी दोन दिवस शाळेत घ्यावे, समोर त्याची आई बसलेली असावी, आणि ग्रामसभेत फक्त आकडा सांगावा. नाव कोणाचे घ्यायचे नाही. बाईंच्या शाळेत असे करून पाहिले तेव्हा तेवीस पोरांत नऊ अडली. नऊ आयांना ते पहिल्यांदा कळले. त्यातल्या दोघी म्हणाल्या की सुट्टीत रोज संध्याकाळी अर्धा तास बसवू. फक्त काय वाचायचे ते बाईंनी सांगून ठेवावे.

एक मेच का, असे कोणी विचारील. कारण त्या दिवशी गाव गावात असते. ऊसतोडीच्या टोळ्या परत आलेल्या असतात. ज्वारी काढून, मळून घरात पडलेली, रान नांगरून तापत टाकलेले. पुढे सात जूनच्या आसपास मृग निघाला की बाजरी, उडीद, तुरीची धांदल. त्यात आठ दिवसांनी शाळेची घंटा. बियाणे, खत आणि पोरांची दप्तरे यांचा खर्च एकाच खिशातून एकाच पंधरवड्यात होतो, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको. तेव्हा कोणाला सभा बोलवाल? आणि दिवाळी झाली की पुन्हा कोयता बाहेर.

या कोयत्याच्या प्रश्नाकडे थोडे थांबून बघितले पाहिजे. आपल्या तालुक्याची गंमत अशी की, जिरायत भागातून टोळ्या बाहेर जातात आणि भीमाकाठच्या बागायत पट्ट्यात उसासाठी बाहेरच्या टोळ्या येतात. म्हणजे आपलीही पोरे कुठल्या तरी फडावर आणि दुसऱ्यांची पोरे आपल्या बांधावर. जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय शासनाने केलेली आहे. आईबाप गेले तरी पोराने गावातच राहायचे, खायचे, शाळेत जायचे. बाहेर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायचे आहे, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेने त्याला विनातक्रार बसवून घ्यावे. योजना कागदावर नीट आहेत. अडते कुठे, तर वेळेवर. मुकादमाकडून उचल घेतली जाते तेव्हाच घरात ठरते की पोर बरोबर न्यायचे की ठेवायचे. उचल घेतली जाते पावसाळ्यात, आणि शाळेत यादी तयार होते टोळी गेल्यावर. पीक गेल्यावर फवारणी करण्यातला हा प्रकार झाला. एक मेच्या सभेत गेल्या हंगामात कोणाची किती पोरे बाहेर होती याची यादी झाली, तर १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत वसतिगृहाचा प्रस्ताव हातात राहतो. आणि बागायत गावांनी आपल्या शिवारात येणाऱ्या टोळ्यांच्या पोरांची तयारी दसऱ्याआधी करावी. फडावरची खोप कोणाच्या रानात पडते हे ऊसवाल्याला पक्के माहीत असते.

कायद्यात हे सगळे बसते का? बसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि एकूण निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचे काम याच समितीचे. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान दोनशे दिवस शाळा चालली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण जाणतो. इतिवृत्ताची वही घरोघर फिरते, सह्या होतात, चहा होतो. महिला सदस्याच्या नावापुढे नवऱ्याची सही असलेली वही मी स्वतः पाहिली आहे (शाळेचे नाव सांगत नाही). यात सगळा दोष गुरुजींवर टाकणे बरोबर नाही. दोन शिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरत बसलेला आणि दुसऱ्याच्या समोर चार वर्ग, अशी स्थिती असते. आम्हा कृषीवाल्यांना पंचनामे आणि ई-केवायसीच्या दिवसांत शेतावर जायला सवड मिळत नाही, तसेच ते आहे.

आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. श्री. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक तिथे बंधारे आणि चर बघायला जातात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. पावसाळा संपला की गाव एकत्र बसते, पाऊस किती झाला, पाणी किती मुरले, किती उरेल याचा हिशेब मांडते आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ठरवते. पाऊस कमी झालेला असेल तर जादा पाण्याचे पीक नाही. म्हणजे हिशेब आधी आणि हाव नंतर. त्या गावाने सुरुवातीच्या काळात हाती घेतलेल्या कामांत शाळा होती, हेही विसरू नये. पाण्याचा ताळेबंद जमतो तर पोरांचा का जमू नये?

पटाबद्दल लिहिताना माझी लेखणी जरा अडखळते, म्हणून आधीच सांगतो. माझा मुलगा कर्जतला इंग्रजी माध्यमात आहे. एका बैठकीत मी जिल्हा परिषद शाळा टिकली पाहिजे असे बोललो, तर मागून आवाज आला, "साहेब, तुमचं पोरगं कुठं हाय?" खाली बसलो. तेव्हा व्हॅनमध्ये पोर घालणाऱ्या पालकाला उपदेश करायचा मला अधिकार नाही. त्याला इंग्रजी हवी आहे, शिस्त हवी आहे, आणि शेजाऱ्याचे पोर गेले म्हणून आपलेही गेले पाहिजे असेही वाटते. पण परिणाम काय होतो तो समजून घ्यावा. आपली घरे रानात विखुरलेली. २००० नंतर वस्तीशाळा आल्या म्हणून लहान पोरांची पायपीट थांबली, पुढे त्यांच्याच नियमित शाळा झाल्या. आता पट घसरला की शिक्षकाचे पद घसरते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्यासाठी २०२३ मध्ये शासनाने प्रस्ताव मागवले, तेव्हा वस्त्यावस्त्यांवर धसका बसला होता. व्हॅनचे भाडे ज्याला परवडते त्याचे पोर कुठेही शिकेल. सहा वर्षांची पोर तीन किलोमीटर चालत कोणाची जाणार, तर ज्याला भाडे परवडत नाही त्याची. वीस पोरांचा हिशेब गावापुढे असला म्हणजे निदान अठरावर आल्यावर जाग येत नाही.

पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारीचा मेळावा २०२२ पासून एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये होतो. दोन मेळाव्यांच्या मधल्या काळात आयांचे गट पोरांकडून घरीच खेळ, गाणी, मोजणी करून घेतात. चांगला उपक्रम आहे. फोटोपुरता राहू देऊ नये. चौथी झालेल्या मुलींचा विषय मात्र तातडीचा. वस्तीवरची शाळा चौथीला संपते, पाचवीला मोठ्या गावात जायचे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, अहिल्यादेवींच्या नावाने ती योजना आहे. त्यांचे चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात आणि आता जिल्ह्यालाही त्यांचेच नाव. पास आहे, पण शाळेच्या वेळेला गाडी आहे का? नसेल तर त्या मार्गाच्या गाडीसाठी आगाराकडे ग्रामसभेचा ठराव मे महिन्यातच गेला पाहिजे. जुलैत गेलेल्या ठरावाला उत्तर येईस्तोवर पोर घरी बसलेली असते, आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुढे कुठे जाते ते मी लिहायला नको.

आता माझ्या खात्याचे थोडेसे. शाळा दीड महिना बंद राहते आणि जुलैत लावलेली झाडे याच दीड महिन्यात जातात. दर वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप. प्रत्येक रोपाशेजारी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घाला, चार-पाच दिवसांनी भरा, वर झाकण ठेवा. बुंध्याभोवती पाचट किंवा भुसकटाचा थर द्या. वीस झाडांना आठवड्यातून एकदा ड्रम-दोन ड्रम पाणी बास होते. टँकरच्या गावातही हे जमते, मात्र भरणारा माणूस नावानिशी ठरवावा. "सगळ्यांनी मिळून" असे ठरले की कोणीच भरत नाही. झाडे कडुलिंब, चिंच, बोर अशी आपल्या मातीची लावा. शेवगा जरूर लावा, पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि पोरे चढणारी, म्हणून खेळाच्या जागेपासून लांब. १९९५ मध्ये पोषण आहार सुरू झाला तेव्हा पोरे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेत. आता शिजवून मिळतो, पहिली ते पाचवीला रोज शंभर ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने. त्या भातावर शेवग्याचा पाला, मेथी, पालक शाळेच्याच परसबागेतला असला तर काय वाईट? हात धुतलेले पाणी आळ्यात सोडा. बियाण्यासाठी माझ्याकडे या, माझ्या गावांपुरती सोय करतो.

सुट्टीत शाळेची किल्ली कोणाकडे, हेही ठरवून घ्या. कुलूप तुटून पत्त्यांचा अड्डा झालेली खोली जूनमध्ये पोरांनाच झाडावी लागते.

पत्रा, संडास, पाण्याची टाकी यांची यादी एक मेला झाली तर १५ ऑगस्टला काय झाले ते विचारता येते, आणि राहिलेले २ ऑक्टोबरच्या सभेत ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घालता येते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, मलाही नव्या नावाने कोणी ओळखत नाही) एक विनंती आहे. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी एप्रिलच्या वीस तारखेच्या आत साध्या कागदावर अर्ज दिला, तर विषय वेळेत पत्रिकेवर येतो. तो टँकरच्या नंतर घ्या, चालेल. पण आमच्या खात्याच्या योजनांच्या आधी घ्या. आमच्या वेळेला निम्मी सभा उठून गेलेली असते.