कान दे, नाक दे

वैलावरून : साप्ताहिक सदर

कारळं भाजताना डोळ्यांचा काही उपयोग नसतो. तीळ भाजले की तांबूस होतात, शेंगदाण्याच्या सालीवर डाग पडतात. कारळं मात्र कढईत पडताना काळं आणि उतरवतानाही काळंच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गारगोटीच्या घरी मी कारळं भाजायला बसले, रंग बदलायची वाट बघत राहिले आणि अख्खी कढई करपवली. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्ती सोप्यातून ओरडल्या, "बघत काय बसलीयास? काळ्याचं काळंच दिसणार. कान दे, नाक दे."

दुसऱ्या खेपेला कान दिला. मंद जाळावर सुरुवातीला काहीच घडत नाही. मग बारीक तडतड सुरू होते, दाटत जाते, आणि ती विरळ व्हायला लागली की खमंग, जरासा कडसर वास नाकात शिरतो. तो आला की कढई खाली आणि कारळं लगेच ताटात. कढईतच ठेवलं तर तापलेलं लोखंड उरलेलं काम करून टाकतं आणि चटणी कडू होते. हे शिकायला मला तीन खेपा लागल्या.

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला म्हणून हे आठवलं. ती रोज सकाळी उपाशीपोटी पाच प्रकारच्या बिया रात्रभर भिजवून पाण्यासकट पिते. चिया, फ्लॅक्स, पंपकिन, सनफ्लॉवर आणि आणखी कुठलीशी. "मावशी, तूपण सुरू कर," असा आग्रह. मी विचारलं, "चवीला कशा लागतात?" ती म्हणाली, "चवीचं काय घेऊन बसलीस? औषध आहे ते."

माझं तिच्याशी भांडण आहे ते या एका वाक्यावर. बिया खाण्यावर नाही, चियावर तर नाहीच. औषध माणूस बरं वाटेपर्यंत घेतो, कंटाळा आला की सोडतो. जेवण सुटत नाही. आपल्या स्वयंपाकघराने बियांना कधी औषधाच्या कपाटात ठेवलंच नव्हतं. त्या मिसळणाच्या डब्याशेजारी होत्या, कुटाच्या डब्यात.

कूट हा शब्द आपण इतका गुळगुळीत करून टाकला आहे की त्यातली अक्कल दिसेनाशी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात बघा. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडपावरून कुटून येते. बाहेरचे लोक तिला मसाला म्हणतात, आपण चटणीच म्हणतो. मिरची, कांदा, लसूण, धणे आणि सुक्या खोबऱ्यासोबत तिच्यात तीळ आणि खसखस असते. म्हणजे आमटीत चमचाभर चटणी पडली की चिमूटभर बियाही पडतात आणि खाणाऱ्याला पत्ता नसतो. पांढऱ्या रश्श्याच्या दाटपणामागे खसखस, तीळ, काजू, कुणाकडे मगज. भरल्या वांग्यात शेंगदाण्याच्या जोडीला कारळ्याचा कूट पडला की रस्सा काळपट होतो. नवख्याला वाटतं भाजी लागली, जाणता आणखी एक भाकरी मागतो. भोगीला भाकरीवर तीळ आणि भाजीतही तीळ. बाळंतिणीला ओल्या नारळात भिजवून गुळात शिजवलेले अळिवाचे लाडू. आणि पावसाच्या तोंडावर फणसाच्या आठळ्या: चुलीच्या आरात भाजलेल्या, नाहीतर उकडून आमटीत सोडलेल्या. भुदरगड-आजऱ्याच्या पट्ट्यात फणस खाऊन आठळ्या टाकणाऱ्या माणसाला अजूनही उधळ्याच म्हणतात.

यातल्या एकाही पदार्थाला कुणी पौष्टिक म्हणून नाव ठेवलेलं नाही. तरी त्यामागचं शास्त्र पक्कं आहे.

जवसाचंच घ्या. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ गटातल्या मेदाम्लाचा असतो, शाकाहारी घराला तो इतका दुसरीकडून सहज मिळत नाही. पण जवसाचं टरफल चिवट. अख्खा गिळला तर बराचसा जसा गेला तसाच बाहेर पडतो. भाजून कुटला की तेल मोकळं होतं. कच्च्या जवसात थोडे नकोसे घटकही असतात, भाजण्याने ते कमी होतात. अर्थात भिजवून प्यायलेला अख्खा जवस आणि तव्यावर तडतडून खलबत्त्यात गेलेला जवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाट्यावर बसणाऱ्या बाईला ओमेगा हा शब्द ठाऊक नव्हता, पण अख्ख्या जवसाची चटणी कुणी करत नाही एवढं तिला पक्कं माहीत होतं.

तिळाचं असंच. न सोललेल्या शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची शिफारसही हजार मिलिग्रॅमचीच आहे. म्हणून कुणी वाटीभर तीळ खायला बसू नये. त्यातलं बरंचसं कॅल्शियम सालीतल्या ऑक्झलेटशी बांधलेलं असतं, अंगी लागतं ते कमी. पण दहा ग्रॅम कूट रोज भाजीत गेला, तर वर्षभरात त्याची बेरीज साडेतीन किलोच्या पुढे जाते. कूट फायदा देतो तो हप्त्याहप्त्याने.

तिसरी गोष्ट तेलाची, आणि इथे कोल्हापूरकरांनी जरा कान टवकारावेत. रश्श्यावर बोटभर तवंग दिसल्याशिवाय आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही वरून ओतायचं तेल आवरून स्निग्धांश दाणे आणि तेलबियांतून घ्यावा, असा सल्ला आहे. कारळ्यात तेल वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. भाजी शिजत आली की दोन चमचे कूट घाला, झाकण ठेवा, पाच मिनिटांत ती स्वतःचं तेल सोडते. फोडणीत निम्मं तेल घातलं तरी घरात कुणाला कळत नाही. माझ्या नवऱ्याला आठ महिने कळलं नव्हतं. आज हा स्तंभ वाचून कळेल.

आता कुणी म्हणेल, म्हणजे देशी ते चांगलं आणि परदेशी ते वाईट. तसं मला म्हणायचं नाही, कारण कारळंच मुळात परदेशी आहे. त्याचं माहेर इथिओपिया. तिकडे त्याला नुग म्हणतात आणि आजही स्वयंपाकाला त्याचं तेल वापरतात. ते आपल्याकडे फार पूर्वी आलं आणि डोंगरउतारांवर रुजलं. नाशिक-नगरकडे याला खुरासणी म्हणतात, त्या नावाला परक्या मुलखाचा वास आहेच. आपल्या सीमेपलीकडचे कानडी शेजारी हुच्चेळ्ळू म्हणतात, म्हणजे वेडे तीळ. कुणीतरी पहिल्यांदा ही काळी, टोकदार बी हातात घेतली असेल, तिळासारखी पण तीळ नव्हे म्हणून हसून तिला वेडी म्हटलं असेल आणि मग भाजून बघितलं असेल. शेंगदाणा आणि मिरची तर समुद्र ओलांडून त्याच्याही मागाहून आल्या. त्या आपल्या झाल्या, कारण आपण त्यांना खलबत्त्यात घातलं, नाव दिलं, भाकरीला लावलं. चिया मेक्सिकोकडची. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने ती कर्नाटकातल्या शेतकऱ्यांपर्यंत नेली, म्हणजे आता ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आलीच. उद्या एखाद्या गारगोटीकरणीने तिची लसूण घालून चटणी केली आणि ती पोरांनी मिटक्या मारत खाल्ली, तर चियाही आपली. पेल्यात भिजून राहिली तोवर पाहुणी.

आपण कारळं विसरत चाललो असताना ते कुठे गेलं, तेही सांगते. भारतातून ते अमेरिकेला जातं, पक्ष्यांचं खाणं म्हणून. अंगणात टांगलेल्या बारीक भोकांच्या नळीतून गोल्डफिंच नावाचे पिवळे पक्षी ते टिपतात. तिकडच्या व्यापाऱ्यांनी १९९८ साली त्यासाठी कारळ्याच्या ‘नायजर’ या इंग्रजी नावाचं वेगळं स्पेलिंग करून व्यापारी नावही नोंदवून घेतलं. सोबत अमरवेलीचं बी जाऊन तिथे रुजू नये, म्हणून आयात होणारं कारळं आधी तापवावं लागतं. मला त्या पक्ष्यांबद्दल तक्रार नाही. मात्र एवढ्या लांबच्या चिमण्यांना ज्याची चव कळली, ते गारगोटीच्या दुकानात "आहे का?" म्हणून विचारावं लागतं आणि मुलगा आतल्या पोत्याकडे बोट दाखवतो, हे मला टोचतं. काउंटरवर टांगलेली चकचकीत पाकिटं मात्र न विचारता दिसतात. त्यातल्या एकावर ‘फ्लॅक्स सीड’ असं लिहिलेलं असतं. पोत्यातल्या जवसाची ती शहरात शिकून आलेली सख्खी बहीण आहे.

दुकानाला दोष देऊन भागत नाही, कारण बी आधी शेतातून जाते. कारळं हे माळाचं, वरकस जमिनीचं पीक. हलकी, उताराची, दगडगोट्यांची जमीन त्याला चालते. खताची मागणी नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून नाचणी-वरीच्या कडेने दोन ओळी टाकल्या की कुंपणही होतं. पाऊस ओसरताना पिवळी फुलं येतात आणि माळ हळद लावल्यासारखा दिसतो. मग पाणी आलं. वेदगंगेवर पाटगावचं धरण झालं, खालच्या अंगाला बिद्रीचा कारखाना, आणि जिथे पाणी चढलं तिथे ऊस चढला. उसाने या भागात पोरांची शिक्षणं केली, घरं बांधली. त्याला नावं ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण वर्षाला एकदा मोजून पैसे देणाऱ्या पिकाशेजारी शेरभर कारळ्याचा हिशोब कोण ठेवणार? कडेच्या त्या दोन ओळी सगळ्यात आधी गेल्या.

त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. कारळ्याच्या फुलाला स्वतःच्याच परागाने दाणा धरत नाही, परक्या झाडाचा पराग मधमाशीने आणून द्यावा लागतो. पाऊस संपतासंपता फुलणारी ही शेतं माश्यांना चाऱ्याची. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरनंतर ‘मधाचं गाव’ ही ओळख मिळाली ती आपल्याच भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला. मधाच्या बाटलीवर आपण गावाचं नाव अभिमानाने छापतो. माशीच्या तोंडचं फूलही त्याच तालुक्यात राहिलं पाहिजे, हे त्या अभिमानात यायला हवं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्राने कारळ्याच्या सुधारित जाती काढल्या आहेत. बियाणं नाही ही सबब त्यामुळे पुरेशी नाही. विकत घेणारा नाही, ही सबब खरी आहे.

विकत घेणारा उभा करायचा तर माझ्या मते शाळेपासून सुरुवात करावी. दुपारची खिचडी-आमटी शाळेत शिजतेच. पन्नास पोरांच्या आमटीत मूठ-दोन मूठ भाजक्या तिळा-कारळ्याचा कूट घालायला नवी योजना लागत नाही, फक्त किराण्याच्या यादीत एक ओळ लागते. एखाद्या पोराला तीळ किंवा शेंगदाणा सोसत नसेल तर त्याची नोंद ठेवावी, एवढी काळजी मात्र घ्यावीच. शिजवणाऱ्या बायकांना कूट शिकवावा लागत नाही, त्याच आपल्याला शिकवतील. बचत गटाने कुटायचा, शाळेने घ्यायचा, आणि वरच्या वाड्यांवरच्या शेतकऱ्याला नाचणीच्या कडेच्या दोन ओळींचा भाव मिळायचा. मोठी क्रांती यात काही नाही. अर्ध्या डब्याएवढी सुधारणा आहे, पण ती रोजची आहे.

तोवर घरापुरतं. कारळं आणलं की आधी सुपात पाखडा, त्यात खळ्यावरची माती हमखास असते. शंका वाटली तर धुऊन कडक उन्हात वाळवा. तीळ, जवस, कारळं एकत्र भाजू नका, प्रत्येकाची वेळ वेगळी. पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका. मिक्सर एकदम फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो, थांबत थांबत फिरवा. चटणी करायची तर कूट, लसूण, थोडं भाजकं खोबरं, जिरं, तिखट, मीठ. बाकी काही नाही. आणि पंधरा दिवसांपुरतीच करा. कुटलेल्या बियांचं तेल लवकर खवट होतं. खवट कूट पौष्टिक म्हणून खाऊ नये, तो टाकून द्यावा आणि पुढच्या वेळी कमी करावा.

भाचीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. कुरिअरने शेरभर कारळं पाठवलं आणि म्हटलं, भाज. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. कढईवर फोन धरून विचारत होती, "मावशी, झालं का? मला तर काळंच दिसतंय." मी म्हटलं, फोन जवळ ने. तडतड ऐकू आली. दाटली, मग विरळ होऊ लागली. मी "आता बघ" म्हणणार होते, तर तीच म्हणाली, "थांब, वास आला," आणि गॅस बंद केल्याचा आवाज झाला.