ट्रॉफी नको, रोज येणारा कोच द्या!

२००१ मध्ये नागपुरात पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली मुलं हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना दिसली. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’नं हे काम घराघरांत पोहोचवलं.

फुटबॉलनं मुलं सुधारतात?
नुसत्या बॉलनं काही होत नाही. फरक पडतो तो ठरलेल्या वेळेमुळे आणि रोज भेटणाऱ्या कोचमुळे. मुलगा दोन दिवस आला नाही, तर चौकशीला घरी जाणारं कुणीतरी असतं. शाळा सुटली, व्यसन लागलं, हे वेळेत कळतं ते असं.

मग स्पर्धा कशाला?
२००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये सुरू झालेल्या बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचा नियम बघा: खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही भारी खेळा, पुढच्या वेळी संधी दुसऱ्याला. म्हणजे कप हे निमित्त. खरी मॅच घरी परतल्यावर सुरू होते.

आपलं कुठं चुकतं?
वस्तीत ‘अमुक चषक’ होतो. टी-शर्ट, डीजे, बक्षीस, फोटो. दोन दिवसांनी मैदानात पुन्हा गाड्या लागतात. स्पर्धेला स्पॉन्सर मिळतो, कोचच्या पगाराला मिळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी वर्गणी मागायला आलं, तर दोनच प्रश्न विचारा. सहा महिन्यांनी यातली किती मुलं मैदानात असतील? आणि त्यात मुली किती?