विश्लेषण : पावसाळ्यात शिडाच्या होड्यांना बंदी नाही, तरीही समुद्र रिकामा का?

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. शिडावर किंवा वल्ह्यांवर चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. तरीही वसई तालुक्यातील गासजवळच्या कळंब, राजोडी किनाऱ्यांवरून या काळात समुद्रात शीड क्वचितच दिसते. असे का?

बंदी कशासाठी?

पावसाळा हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. अंडी धरलेली मासळी जाळ्यात गेली तर पुढचा हंगाम बुडतो. दुसरे कारण मच्छीमारांच्या जिवाचे. १२ सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार राज्याची बंदी लागू होते; त्यापलीकडे केंद्राचा आदेश असतो. मे अखेरीस होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात.

शिडाच्या होडीला धोका कोणता?

मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि होडीला सतत किनाऱ्याकडे ढकलतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाऊ शकत नाही; तिला नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वाऱ्यात छोट्या होडीला हे जमत नाही. शीड फाटले की ती थेट खडकांकडे जाते. खाडीचे मुख त्याहून वाईट. ओहोटीचे आणि पावसाचे पाणी बाहेर पडताना समोरून लाटा आल्या, की त्या तिथे उंच होऊन फुटतात. म्हणजे घरी परतण्याची वाटच सर्वांत धोक्याची.

मग प्राचीन सोपाऱ्यात जहाजे कशी येत?

गासच्या शेजारचे सोपारा हे जुने बंदर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. इजिप्तहून निघणारी जहाजे जुलैच्या सुमारास प्रस्थान ठेवत, पाठीमागच्या वाऱ्यावर खुला समुद्र ओलांडत आणि पावसाचा जोर ओसरताना भारतात पोहोचत. परतीला ईशान्येचा वारा मिळे. मोसमी वारा समुद्र ओलांडायला उपयोगी होता, किनाऱ्यालगत फिरायला नव्हे. आधुनिक काळातही हेच दिसते. ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये, पावसाळ्याआधी परतले.

सूट नेमकी कुणाच्या कामाची?

आज बहुतेक होड्यांना इंजिन आहे. लहान होडीला मागे मोटार लावली तरी ती बिगरयांत्रिक राहत नाही. त्यामुळे सुटीचा लाभ मोजक्यांना. आणि जो लाभ घेईल, त्याच्याकडे वाऱ्याशी झुंजायला इंजिनही नाही.

वाद कशावरून?

१ ऑगस्टला बंदी उठते, समुद्र मात्र शांत झालेला नसतो. म्हणून बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांकडून होत आली आहे. शेजारच्या गुजरातने अलीकडे ती तारीख स्वीकारली. पण दोन आठवडे आणखी बिनकमाईचे काढायचे कसे, हा प्रश्न छोट्या मच्छीमाराला अधिक टोचतो. बंदी वाढवायची तर त्या दिवसांच्या चुलीची सोयही त्याच निर्णयात हवी. नाहीतर पोटासाठी कुणीतरी खवळलेल्या समुद्रात होडी लोटणारच.