बऱ्या झालेल्या स्त्रीचा हिशेब

ऑक्टोबर महिना आला की शहरभर गुलाबी फिती झळकू लागतात. कंपन्या पदयात्रा काढतात, स्थानिक पुढारी फलक लावतात आणि कॅन्सरवर 'मात' केलेल्या चार स्त्रियांना शाल-श्रीफळ देऊन सोहळा आटोपतो. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार संपले की प्रश्न संपला, असा भ्रम हा सोहळा पसरवतो, म्हणून त्याला आमचा आक्षेप आहे. स्तनाचा कॅन्सर झालेल्या निम्म्या किंवा त्याहूनही अधिक स्त्रियांचा रोग संप्रेरकांवर, म्हणजे हॉर्मोन्सवर, पोसला जातो. त्यांच्या उपचाराचा सर्वांत लांब टप्पा त्यानंतरच सुरू होतो. तो पाच वर्षांचा असतो, कित्येकींच्या बाबतीत दहा वर्षांचा. ही वर्षे कोणाच्या खर्चाने पार पडतात, हा राजकीय प्रश्न आहे. आणि समाजवादी म्हणवणाऱ्या आपण त्याला आजवर राजकारणात जागा दिलेली नाही.

अंडाशय काढून टाकल्यास काही स्त्रियांचा स्तनाचा कॅन्सर ओसरतो, हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाने १८९६ साली दाखवून दिले. १९७३ साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेली टॅमॉक्सिफेन ही गोळी स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ देत नाही. पाळी अद्याप चालू असलेल्या आणि रोग उलटण्याचा धोका अधिक असलेल्या स्त्रियांना अंडाशयांचे कार्यच थांबवणारे इंजेक्शन, बहुधा दरमहा, दिले जाते व जोडीला गोळी असते. २०१४ पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांनी या उपचाराचा लाभ सिद्ध केला आहे. या औषधांनी असंख्य प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. पण त्यांची किंमतही आहे. निसर्ग जे काही वर्षांत हळूहळू घडवतो, ते पस्तिशी-चाळिशीतल्या स्त्रीच्या शरीरात काही आठवड्यांत घडते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप उडते, सांधे धरतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, योनिमार्ग कोरडा पडून शरीरसंबंध यातनामय होतो, मन खचते. इतर स्त्रियांना अशा वेळी दिले जाणारे संप्रेरक हिला वर्ज्य असते. स्वीडनमधील यासंबंधीची चाचणी २००३ साली मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

आता ही स्त्री मीरा-भाईंदरमध्ये आणून पाहा. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात. तेथील पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात निरोगी माणूसही भाजून निघतो. तेथे पॅकिंगला उभी असलेली स्त्री आतल्या आगीचे काय करीत असेल? मीरा रोडच्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री धरलेल्या बोटांनी पिळे कसे पिळत असेल? उत्तनची कोळीण रात्रभर जागून पहाटे पाटी डोक्यावर कशी घेत असेल? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे, तर उत्तनहून बस, भाईंदरहून लोकल, दादरला उतरून पुढचा रस्ता आणि मग रांग. एका इंजेक्शनसाठी दिवस मोडतो, म्हणजे रोज बुडतो. लोकलच्या अपंगांसाठीच्या डब्यात कॅन्सरग्रस्तांना प्रवासाची मुभा आहे; परंतु जिचे केस पुन्हा उगवले आहेत, तिला आपला आजार भांडून आणि कागद दाखवून सिद्ध करावा लागतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर टॅमॉक्सिफेनची गोळी स्वस्त आहे, ती घेत राहणे महाग आहे. हा दुसरा खर्च कोणाच्याच खतावणीत दिसत नाही. २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झालेली आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचार पॅकेजांत मोजते. पॅकेजच्या यादीत औषध असले, तरी बुडालेला रोज आणि मोडलेली झोप त्यात कधीच नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कॅन्सरग्रस्त कामगाराला दोन वर्षांपर्यंत दीर्घ आजाराचा लाभ मिळू शकतो. पण उपचार पाच ते दहा वर्षांचा, आणि गाळ्यातली कंत्राटी स्त्री बहुधा नोंदीवरच नसते. वर्गभेद तर थेट शरीरापर्यंत पोचतो. जिला परवडते ती दरमहा इंजेक्शन घेते; ते थांबवल्यावर अंडाशय पुन्हा कार्य करू लागण्याची शक्यता उरते. जिला परवडत नाही, तिच्यासमोर अंडाशय कायमचे काढून टाकण्याचा पर्याय येतो. वैद्यकदृष्ट्या तो पर्याय योग्य असेल. पण दारिद्र्याने केलेल्या निवडीला निवड म्हणता येत नाही.

या हेळसांडीचे फळ काय? त्रास असह्य होऊन मुदतीपूर्वीच गोळी सोडणाऱ्या स्त्रिया जगभर मोठ्या संख्येने आहेत, आणि गोळी सोडल्याने रोग उलटण्याचा धोका वाढतो. केसपेपरवर मात्र 'रुग्णाने उपचार सोडला' एवढेच लिहिले जाते. वस्तुतः व्यवस्थेने रुग्णाला सोडलेले असते. 'जीव वाचला, हे काय थोडे झाले?' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्या त्रासाला ते क्षुल्लक मानतात, तोच त्रास वाचलेला जीव पुन्हा धोक्यात घालतो.

आपल्यातलेच काही साथी म्हणतील, बेकारी आणि महागाई समोर असताना हा खाजगी विषय कशाला? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले, तेव्हाही हेच ऐकवले गेले होते. गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेईपर्यंत रिकामा हंडा हेही बायकांचे घरगुती दुखणेच होते. १९७२ साली महागाईविरुद्ध रस्त्यावर आलेल्या स्त्रियांनी लाटणे हातात घेऊन स्वयंपाकघर राजकारणात आणले. घरातल्या दुःखाला राजकारणाची भाषा देणे ही समाजवादी चळवळीची जुनी कमाई आहे. ती उधळून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय हा त्रास म्हणजे काही विधिलिखित नव्हे. संप्रेरक न देताही वाफा कमी करणारी व्हेन्लाफॅक्सीन, गॅबापेन्टीनसारखी औषधे आहेत. नियमित व्यायामाने सांध्यांना उतार पडतो, हाडांची घनता मोजता येते व ती राखण्याचे उपचार आहेत. पॅरॉक्सेटीनसारखी नैराश्यावरची काही औषधे टॅमॉक्सिफेनचे कार्य मंदावतात, हे सांगायला मात्र जाणकार माणूस जवळ हवा. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या स्त्रियांसाठी राखून इंजेक्शन, गोळी, हाडांची तपासणी आणि समुपदेशन तेथेच विनामूल्य मिळाले पाहिजे. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने एकत्रित खरेदीतून औषधांच्या किमती खाली आणता येतात हे दाखवून दिले आहे. तो लाभ पालिकेच्या दवाखान्यापर्यंत आला पाहिजे. इंजेक्शनच्या दिवशी भरपगारी रजा, कामाच्या जागी पंखा, बसायला स्टूल आणि प्यायला पाणी, ही कलमे कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात घातली पाहिजेत. घरकामगार स्त्रियांसाठी हा भार कल्याणकारी मंडळाने उचलला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी पुढील महिन्यात गाळ्यागाळ्यांत आणि वस्त्यांत जाऊन एवढेच विचारावे: गोळी चालू आहे का, आणि नसेल तर का सोडली? या प्रश्नाची उत्तरे गोळा झाली की मोर्चाचे निवेदन वेगळे लिहावे लागणार नाही.