एका माणसाचा क्लब

क्लब नेमका कुणाचा, यावर मागच्या महिन्यात इथे लिहिलं होतं. त्याला उत्तर म्हणून या आठवड्यात एका वाचकाचं दोन पानी पत्र आलं. सभासदांच्या क्लबचा माझा आग्रह त्यांना भाबडा वाटतो. पुरावा म्हणून त्यांनी सर्बियाच्या ओबिलिचचं उदाहरण दिलं आहे: एका धाडसी उद्योजकानं दुसऱ्या विभागातला क्लब हाती घेतला आणि दोन वर्षांत देशाचा विजेता करून बायर्न म्युनिकसमोर उभा केला. छोट्या क्लबांनी असाच मालक शोधावा, असा त्यांचा सल्ला आहे.

पत्र वाचून आलेला राग दोन दिवस उतरला नाही. पत्रलेखकाचा दोष नाही. छोट्या क्लबांच्या परीकथांमध्ये ही गोष्ट अशीच सांगितली जाते.

बेलग्रेडच्या व्राचार भागातला हा क्लब १९२४ सालचा. कोसोव्होच्या १३८९ च्या लढाईत सुलतान मुरादला मारणारा म्हणून सर्बियन लोकपरंपरेनं जपलेला वीर मिलोश ओबिलिच, त्याचं नाव क्लबनं घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर रेड स्टार आणि पार्टिझान या बेलग्रेडच्याच बड्या क्लबांच्या छायेत तो वर्षानुवर्षं खालच्या विभागांत खेळला. त्यात कमीपणा काहीच नव्हता. १९९५ मध्ये तर तो राष्ट्रीय करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि रेड स्टारकडून हरला. पत्रात याचा उल्लेखही नाही. म्हणजे तो मालक येण्याआधीच या क्लबच्या पायात जोर होता.

आणि तो ‘उद्योजक’ म्हणजे झेल्यको राझनातोविच, जगाला ठाऊक असलेला आर्कान. पश्चिम युरोपात बँका लुटणारा, रेड स्टारच्या समर्थकांचा म्होरक्या, क्रोएशिया आणि बोस्नियाच्या युद्धात ‘टायगर्स’ ही निमलष्करी टोळी घेऊन उतरलेला माणूस. १९९६ मध्ये ओबिलिच त्याच्या ताब्यात गेला. १९९७ मध्ये क्लब पहिल्या विभागात आला आणि पहिल्याच हंगामात, १९९८ साली, रेड स्टारला दोन गुणांनी मागे टाकून विजेता झाला. प्रतिस्पर्धी खेळाडूंना दिलेल्या धमक्यांच्या हकिकती त्या हंगामापासून सांगितल्या जात आहेत. संघ चांगला होता, हे मी नाकारत नाही. प्रशिक्षक द्रागान ओकुका यांनी पुढे वॉर्सात लेगियालाही विजेतेपद मिळवून दिलं, आणि निकोला लाझेतिच इटलीत वर्षानुवर्षं खेळला. पण बंदुकीच्या धाकाची कुजबुज ज्या विजेतेपदाभोवती फिरते, त्यातला किती वाटा या माणसांच्या घामाचा होता, हे आता कोण सांगणार? माझ्या मते त्या खेळाडूंवर झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय.

बायर्नची गोष्टही पुरती सांगायला हवी. आर्कान अध्यक्षपदी असताना युरोपात खेळायला मिळणं अवघड दिसू लागलं, तेव्हा तो बाजूला झाला आणि त्याची बायको, गायिका त्सेत्सा, अध्यक्ष झाली. म्युनिकमध्ये ४-० असा पराभव, परतीच्या सामन्यात १-१. मग युएफा करंडकात अ‍ॅटलेटिको माद्रिदनं बाहेर काढलं. १५ जानेवारी २००० रोजी बेलग्रेडच्या एका हॉटेलात आर्कानला गोळ्या घातल्या गेल्या. खेळाडूंच्या विक्रीतले पैसे लाटल्याच्या प्रकरणात त्सेत्सानं २०११ मध्ये गुन्हा कबूल केला. त्याआधीच, २००६ मध्ये, क्लब पहिल्या विभागातून बाहेर फेकला गेला होता. तिथून तो एकेक पायरी उतरत असा गेला की थांबवायला कुणी हातच पुढे केला नाही.

याच शहरातला दुसरा क्लब या पत्राच्या शेजारी ठेवून पाहा. बीएसके, १९११ सालचा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पाच वेळा युगोस्लाव्हियाचा विजेता. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात युगोस्लाव्हियानं ब्राझीलला हरवलं, त्यात पहिला गोल करणारा अलेक्सांदर तिर्नानिच याच क्लबचा. १९४५ मध्ये नव्या राजवटीनं जुने क्लब मोडीत काढले. बीएसकेचं नाव गेलं. मैदानही गेलं, आज पार्टिझानचं स्टेडियम आहे ते त्याच जागी. क्लब ‘मेतालात्स’ या नावानं पुन्हा उभा राहिला, १९५० मध्ये जुनं नाव परत मिळवलं आणि १९५७ मध्ये ओएफके बेलग्रेड झाला. बेलग्रेडच्या काराबुर्मा भागातल्या मैदानावर त्यांचा खेळ इतका देखणा असे की लोक त्यांना ‘रोमँटिक’ म्हणू लागले. चार वेळा करंडक जिंकला. १९६३ मध्ये युरोपियन करंडक-विजेत्यांच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठून टॉटनहॅमकडून हरले. योसिप स्कोब्लार आणि स्लोबोदान सांत्राच यांच्यासारखे गोल करणारे इथे खेळले.

मग पडझड यांच्याही वाट्याला आली. २०१६ मध्ये पहिला विभाग गेला, पुढच्याच वर्षी दुसराही. तिसऱ्या विभागातल्या सामन्यांना ‘प्लावा उनिया’ हे त्यांचे समर्थक निळे झेंडे घेऊन जात राहिले. २०२४ मध्ये क्लब पहिल्या विभागात परतला. अर्थात पैशाशिवाय कुणी परतत नाही, आणि मी पैशाच्या विरोधात कधीच लिहिलेलं नाही.

पण एका क्लबचं नाव, मैदान सगळं सरकारनं हिसकावलं तरी तो उभा राहिला. दुसऱ्याचा फक्त एक माणूस गेला, आणि सहा वर्षांत तो पहिल्या विभागातून खाली होता. माझ्या मनात याचं कारण एकच आहे: बीएसकेवर जीव टाकणाऱ्यांचं नातं क्लबशी होतं, कुणा माणसाशी नाही. आकड्यांनी हे सिद्ध करता येणार नाही, तरी इतकी वर्षं हा खेळ पाहिल्यावर माझा यावर पक्का विश्वास आहे. ओबिलिचचीही अशी माणसं व्राचारमध्ये होती. १९९५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी हरलेल्या आपल्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या असतील. त्यांचा क्लब त्यांच्या हातून काढून घेतला गेला, आणि परत दिला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

१९९८ नंतर आजपर्यंत रेड स्टार आणि पार्टिझान सोडून तिसरा कुणी सर्बियात विजेता झालेला नाही. पत्रलेखकाला हे आर्कानच्या थोरवीचं लक्षण वाटतं. मला मात्र ओबिलिचच्या साऱ्या इतिहासात एकच वर्ष जवळचं वाटतं, आणि ते १९९५.