पेन्शनची फाइल कोण वाचणार?

लष्करातून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी दरवर्षी सुमारे 40 टक्के अपंगत्व पेन्शन घेऊन बाहेर पडतात. शिपायापासून सुभेदारापर्यंतच्या सैनिकांत हेच प्रमाण सुमारे 18 टक्के आहे. हे आकडे कॅगच्या 2023 मध्ये आलेल्या अहवालातले. त्यावर जी चर्चा झाली ती मुख्यतः एकाच गोष्टीची: मधुमेह, रक्तदाब दाखवून लोक सरकारी पैसा लाटतात का? मला मात्र या दोन आकड्यांमधली दरी जास्त बोलकी वाटते.

अधिकारी उशिरा निवृत्त होतात, त्यामुळे वयाचे आजार त्यांच्यात जास्त असणार, हे मान्य. पण बर्फात पहारा देणारे, पाठीवर ओझं वाहणारे गुडघे आणि कणे जवानांचेच असतात. वयाचा हिशेब वजा केल्यावर जी दरी उरते, ती माझ्या मते कागदाची आहे. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीत काय लिहिलंय हे वाचता येणं, त्यावर मुदतीत अपील करता येणं, वकील माहीत असणं, याची ती दरी आहे. हे आकडे हुद्द्यानुसार आहेत, जातीनुसार नाहीत. पण शिपाई म्हणून कुठल्या घरातली पोरं भरती होतात आणि कोणाच्या घरात इंग्रजी वाचणारं माणूस असतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

नियम तसा सोपा आहे. अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं, आणि ते किमान 20 टक्के असावं. सगळी मेख त्या ‘सेवेमुळे’ या शब्दात आहे. मी कोलकात्यात असते. इथल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे बंगालबरोबर बिहार, झारखंड, ओडिशा आणि अंदमानमधलीही प्रकरणं येतात. महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांना मुंबईचं खंडपीठ आहे. कुठल्याही खंडपीठाचे निकाल उघडा, बोर्डाची दोन वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात: आजार प्रकृतीतलाच आहे, आणि तो शांत ठिकाणी नेमणूक असताना सुरू झाला. म्हणजे सरकारचा संबंध नाही.

या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग प्रकरणात उत्तर दिलं. सिग्नल्स कोअरमधला हा शिपाई 1985 ला भरती झाला आणि नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या आजारामुळे घरी पाठवला गेला. बोर्डाने अपंगत्व 20 टक्के मानलं, पण सेवेशी संबंध नाकारला. न्यायालयाने विचारलं ते साधं होतं: भरतीच्या वेळी तपासून धडधाकट म्हणून घेतलंत, आजाराची नोंद केली नाहीत, मग आजार आधीपासूनच होता हे सिद्ध कुणी करायचं? ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डाने नुसता शेरा मारून चालणार नाही, कारणं द्यायला हवीत.

पुढच्या वर्षी, डिसेंबर 2014 मध्ये, राम अवतार प्रकरणात आणखी एक दार उघडलं. अपंगत्व 50 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते 50 धरायचं, हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. म्हणजे 20 टक्केवाल्याला 6 टक्के मिळायचे, तिथे 15 मिळतात. गावाकडे औषधपाण्याचा खर्च त्यातून निघतो.

पण उशिराची किंमत मोठी आहे. तरसेम सिंग प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दरमहा नाकारली जाते, म्हणून जुना दावाही ऐकता येतो. थकबाकी मात्र दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच. 1995 ला घरी आलेला आणि आज कोर्टात गेलेला जवान मधली सगळी वर्षं गमावतो. ट्रंकेत पडलेला कागद दर महिन्याला पैसे खात असतो.

आपल्या चळवळीचा पहिला लिहिता माणूस पेन्शनर होता हे आठवावं. गोपाळबाबा वलंगकर 1886 ला लष्करातून निवृत्त झाले, दापोलीत राहिले, आणि महारांची भरती बंद होऊ लागल्यावर अर्ज लिहायला बसले. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांकडे नेली. सुभेदार रामजी सकपाळही लष्करी शाळेत शिकवत आणि निवृत्तीनंतर दापोलीलाच आले. पलटणीतली शाळा आणि हातात दरमहा येणारी पेन्शन, या दोन गोष्टींवर त्या पिढीचं लिहिणं उभं राहिलं. आज आपण दर 1 जानेवारीला कोरेगावला जातो, आणि वस्तीतल्या माजी हवालदाराची फाइल मात्र दलालाकडे असते.

पदवीधर मुलामुलींनी करायचं काम फार मोठं नाही. रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही घरात नसेल तर माहिती अधिकारात अभिलेख कार्यालयाकडून मागवा. महार रेजिमेंटचं ते सागरला आहे. कारणांचा रकाना वाचा. अपील त्यावरच उभं राहतं. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत गेली आहे, तिथली जन्मतारीख आणि बायकोचं नाव डिस्चार्ज बुकाशी जुळतं का पाहा. नाव चुकलं तर पुढे कुटुंब पेन्शन अडकते. शिवाय लष्कराचे टक्के जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चालत नाहीत, तिथे वेगळी तपासणी होते आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात म्हाताऱ्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्या.

21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले. ते त्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत, पण ‘नियम बदलले’ असं सांगून जुन्यांनाही परत पाठवलं तर तारीख दाखवा. आणि 2022 पासून भरती झालेल्या अग्निवीराला तर पेन्शनच नाही. सेवेमुळे 50, 75 किंवा 100 टक्के अपंगत्व आलं तर अनुक्रमे 15, 25 आणि 44 लाख एकरकमी. त्याखाली, म्हणजे जिथे जुन्या शिपायाची 20 टक्क्यांची लढाई सुरू होत होती तिथे, त्याच्यासाठी ना ती पेन्शन, ना माजी सैनिकांची आरोग्य योजना. या मुलांची पहिली तुकडी चार वर्षं पूर्ण करून घरी यायला लागली की त्यांचे मेडिकल बोर्डाचे कागदही कुणाला तरी वाचावे लागतील.