विश्रांती ड्यूटीच्या तक्त्यात लिहा

डॉक्टर-नर्स थकले की सल्ला ठरलेला: प्राणायाम करा, मोबाईल बाजूला ठेवा, पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर एक फेरी मारा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि प्राणायामाने मन निवतं हेही खरं. पण फेरी मारायची कधी? नाइट सकाळी संपली तरी पुढच्या पाळीला रिपोर्ट दिल्याशिवाय सिस्टर सुटत नाही: कुणाचं सलाईन कधी लावलं, कुणाची शुगर किती, कपाटातली इंजेक्शनं किती उरली. त्यात वॉर्डातली मावशी आली नसेल तर बेडपॅनही तिच्याच वाट्याला. घरी पोचेतो मुलांची शाळेची वेळ झालेली असते. ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणताना आपण तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवतो. बर्नआउट कामाच्या ठिकाणच्या सततच्या, न हाताळलेल्या ताणातून येतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्येच नोंदवलं आहे. दुखणं कामात असेल तर इलाजही कामातच हवा.

ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, आम्ही छत्तीस-छत्तीस तास काढले, म्हणून घडलो. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण हा युक्तिवाद रुग्णाला विसरतो. अमेरिकेत २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिदक्षता विभागातल्या इंटर्नच्या लांबलचक पाळ्या कमी केलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या. आपल्याकडे निवासी डॉक्टरांसाठी साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा केंद्राने १९९२मध्येच घातली होती. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने सुचवले आठवड्याला ७४ तास आणि एक साप्ताहिक सुट्टी. बत्तीस वर्षांत शिफारसच मागे सरकली, याचा राग यायला हवा.

राहिला ‘रुग्णसेवा हे व्रत आहे’ हा मुद्दा. जुलै २०२१मध्ये कोल्हापूर कोरोना आणि महापूर एकदमच झेलत होतं. त्याच्या महिनाभर आधी राज्यातल्या आशा स्वयंसेविकांना मोबदल्यासाठी संप करावा लागला होता. पुढच्या वर्षी देशभरातल्या आशांचा जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. गौरव योग्यच, पण त्या आजही कायम पगाराच्या नोकरदार नाहीत. व्रताची आठवण करून देणाऱ्यांनी आधी हे बघावं.

विश्रांती हा कामाचाच भाग आहे, हे कोल्हापूरला समजावून सांगावं लागू नये. तालमीत जोर-बैठका झाल्या की खुराक आणि झोप हा मेहनतीचाच भाग धरतात, आणि पैलवानाने कधी थांबायचं ते वस्ताद ठरवतो. दवाखान्यात ते ठरवणं अधीक्षकांचं, मेट्रनचं आणि पदं मंजूर करणाऱ्या शासनाचं काम आहे. इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोकणातून, निपाणीकडूनही रुग्ण येतात. गर्दी कमी होणार नाही, म्हणून माणसं वाढवावी लागतील. रिक्त जागा भरा. नाइटनंतरचा ऑफ कुणी रजेवर गेलं म्हणून रद्द करू नका. महिला डॉक्टरांना आतून कडी लागणारी खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह द्या. एवढं झालं की रंकाळ्यावर कधी जायचं ते डॉक्टर-नर्स आपलं आपण ठरवतील.